जुना लष्करी ट्रक : एंजिन मूळचे ठेवावे की बदलावे?

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शन मिळते. निवृत्त झालेल्या ट्रकाच्या वाट्याला येतो तो लिलाव. दुसरे महायुद्ध संपल्यावर जगातील कित्येक देशांत असे लिलाव झाले आणि ज्या गाड्यांनी दारूगोळा वाहिला होता त्याच गाड्या पुढे लाकूड, वाळू, धान्य आणि उतारू वाहू लागल्या. त्यांतील थोड्या आजही शिल्लक आहेत. कोणाच्या वाड्याच्या आवारात, कोणाच्या शेतावरील छपरात, कोणाच्या संग्रहात त्या उभ्या असतात. अशी गाडी पुन्हा चालती करावयाची असे घरातील कोणी मनावर घेतले की पहिला प्रश्न उभा राहतो तो एंजिनाचा. जुने एंजिन दुरुस्त करावे, की ते उतरवून त्याच्या जागी आजचे, कमी तेल खाणारे डिझेल एंजिन बसवावे?

वाचकहो, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा वाटतो. परंतु त्यात घरच्या पैशाचा, रस्त्यावरील सुरक्षिततेचा, कायद्याचा आणि इतिहासाचाही भाग आहे. यास्तव तो थोडा सविस्तर पाहणे उचित ठरेल.

एका ट्रकाची ओळख

उदाहरणादाखल महायुद्धातील एक प्रसिद्ध ट्रक घेऊ. अमेरिकेच्या जी. एम. सी. कंपनीचा हा अडीच टनी, सहा चाकी ट्रक. त्याचे अधिकृत नाव सी. सी. के. डब्ल्यू. हे नाव म्हणजे कंपनीची सांकेतिक अक्षरे होत : पहिला ‘सी’ म्हणजे १९४१ सालची रचना, दुसरा ‘सी’ म्हणजे चालकाची नेहमीच्या पद्धतीची केबिन, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही मिळणारी शक्ती आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागे शक्ती मिळणारे दोन आस. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले.

त्याचे एंजिन सहा सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे आणि सुमारे ४.४ लिटर क्षमतेचे होते. मिनिटाला २७५० फेऱ्यांना ते १०४ अश्वशक्ती देई. टाकीत सुमारे १५० लिटर पेट्रोल मावे आणि तेवढ्यात गाडी सुमारे ४८० किलोमीटर जाई. म्हणजे लिटरला तीन किलोमीटरांहून थोडे अधिक! युद्धात पेट्रोलचा हिशेब सरकार ठेवीत होते. आज तो आपल्या खिशाला ठेवावा लागतो.

या ट्रकांनी केलेले काम मात्र अचाट होते. १९४४ च्या २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या नावाने रसदीची अखंड वाहतूक चालली. ऐन भरात सुमारे सहा हजार वाहने त्यात होती आणि दिवसाला बारा हजार टनांहून अधिक माल पुढे जात होता. चालकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. आपल्याकडेही या युद्धाची वाट आसामातून गेली. लेडो येथून १२ जानेवारी १९४५ रोजी निघालेला ११३ वाहनांचा पहिला ताफा ब्रह्मदेशाचे डोंगर ओलांडून ४ फेब्रुवारीला चीनमधील कुन्मिंगला पोहोचला. ही वाट सुमारे १७३६ किलोमीटरांची होती. अशा चढउतारांवर गाडी रडतखडत का होईना पण पुढे नेणारी वस्तू कोणती, तर बॉनेटखालचे ते एंजिन.

मग ते बदलावेसे का वाटते?

कारणे खरी आहेत. त्यांची थट्टा करून चालणार नाही. पहिले कारण इंधनाचे. डिझेल एंजिनात केवळ हवा दाबली जाते आणि तीही पुष्कळ अधिक प्रमाणात. या जुन्या पेट्रोल एंजिनात मिश्रण मूळ आकारमानाच्या पावणेसातव्या हिश्शाइतके दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा साधारण सोळा ते वीसपट दाबली जाते. त्यामुळे तेवढ्याच इंधनातून अधिक काम निघते आणि ओझे ओढण्याची ताकद कमी फेऱ्यांतच हाती येते.

दुसरे कारण सुट्या भागांचे. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केटे परदेशातून मागवावी लागतात. तिसरे कारण माणसांचे. कार्ब्युरेटर कानाने जुळविणारे आणि वितरकाचा ‘पॉइंट’ डोळ्याने लावणारे हात कमी होत चालले आहेत. चौथे कारण आजच्या पेट्रोलचे. आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते, टाकीला गंज चढवते आणि इंधनपंपातील जुन्या रबरी पडद्याला व बुचाच्या गॅस्केटांना बाधक ठरते.

शिवाय एंजिन बदलणे हा काही हल्लीच्या हौशी लोकांचाच उद्योग नव्हे. खुद्द सैन्यांनीही ते केले आहे. महायुद्धानंतर १९५० च्या सुमारास अमेरिकन सैन्यात आलेला ‘एम-३५’ हा अडीच टनी ट्रक आरंभी पेट्रोलवर चाले. पुढे त्याला अनेक प्रकारची इंधने पचविणारे एंजिन मिळाले आणि १९९० नंतरच्या दशकात यांतील बऱ्याच ट्रकांमध्ये कॅटरपिलर कंपनीचे डिझेल एंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स बसवून त्यांची सेवा वाढविण्यात आली. फिलिपाइन्समध्ये तर युद्धोत्तर शिल्लक जीप लांब करून, वर छत चढवून ‘जीपनी’ नावाची सार्वजनिक वाहतूकच उभी राहिली आणि पुढे जीपनीत जपानी डिझेल एंजिने सर्रास बसू लागली. ती बदलली नसती तर मनिलाच्या मजुराला स्वस्तात कामावर जाता आले नसते. ज्या गाडीच्या चाकांवर कोणाचे पोट चालते तिला मूळ स्वरूपाचा आग्रह धरणे हे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान होय.

बदल दिसतो तेवढा सोपा नसतो

परंतु गाडी म्हणजे एंजिन आणि चार चाके एवढेच नव्हे. एंजिन, क्लच, गिअरबॉक्स, आस, ब्रेक आणि वीज ही एका घरातील माणसांप्रमाणे परस्परांशी जुळवून घेतलेली असतात. एक माणूस बदलला की सर्वांनाच बदलावे लागते. पुढील गोष्टी गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच ध्यानात घ्याव्यात.

वेग : वर सांगितलेला ट्रक सुमारे ७२ किलोमीटर वेगाने धावे तेव्हा त्याचे एंजिन मिनिटाला २७५० फेऱ्या घेई. समजा, त्याच्या जागी २००० फेऱ्यांवर थांबणारे जड डिझेल एंजिन बसविले. गिअर आणि आस तेच राहिले तर गाडीचा कमाल वेग ५२ किलोमीटरांच्या आसपास येऊन थांबेल. ताकद वाढली तरी गती घटली! मग आसाची दातेरी चाके किंवा गिअरबॉक्स बदलण्याचा मोह होतो आणि बदलाची साखळी लांबत जाते.

ब्रेक : ही बाब सर्वांत महत्त्वाची. या ट्रकाच्या ब्रेकला मदत करणारे यंत्र निर्वात दाबावर चालते आणि तो निर्वात पेट्रोल एंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीतून मिळतो. डिझेल एंजिनात तसा निर्वात तयार होत नाही. म्हणून वेगळा निर्वात पंप बसविला नाही, तर पेडल दगडासारखे कठीण लागते आणि लादलेली गाडी उतारावर आवरत नाही. एंजिन झोकात चालू झाले म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी आधी ब्रेक पाहावा.

वजन व थरथर : डिझेल एंजिन सहसा जड असते. पुढचे पाटे खचतात, सुकाणू जड होते. त्याची थरथर जुन्या चौकटीच्या रिव्हेटांना आणि रेडिएटरच्या टाक्यांना सोसत नाही. ताकदीचा हिसका क्लच, मधले दांडे आणि आस यांना सोसावा लागतो; ते तर जुन्याच ताकदीचा हिशेब धरून बनविलेले असतात.

वीज व थंडावा : महायुद्धातील जी. एम. सी. आणि जीप यांची वीज ६ व्होल्टची होती. नव्या एंजिनाच्या स्टार्टरला १२ किंवा २४ व्होल्ट लागतात. म्हणजे दिवे, मापके, तारा, सर्वांचाच प्रश्न येतो. रेडिएटरचा पंखाही नव्या जागी नीट येतो की नाही ते पाहावे लागते.

हा सारा खर्च एंजिनाच्या किमतीत कोणी धरीत नाही. ‘भंगारातले एंजिन स्वस्तात मिळाले’ असे म्हणून आरंभिलेले काम अर्ध्यावर थांबलेले आणि गाडी ना जुनी ना नवी अशी उभी राहिलेली पुष्कळदा आढळते.

मूळ एंजिन म्हणजे नेमके काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूळ एंजिन म्हणजे कारखान्यातून निघताना गाडीत होते तेच, त्याच क्रमांकाचे एंजिन, असा पुष्कळांचा आग्रह असतो. नागरी मोटारींच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. लष्करी गाडीच्या बाबतीत तो फारसा टिकत नाही. युद्धात बिघडलेले एंजिन जागेवर उघडीत बसण्यास सवड नसे. ते उतरवून दुरुस्त केलेले दुसरे एंजिन बसवीत आणि पहिले मागच्या कर्मशाळेत पाठवीत. जीपचे उदाहरण घ्या. विलिस कंपनीच्या आराखड्यावरून फोर्ड कंपनीनेही जीप बनविल्या त्या एकीचे भाग दुसरीला लागू पडावेत याच हेतूने. दोन्हींत मिळून सहा लाखांहून अधिक जीप झाल्या. विलिसच्या जीपमध्ये फोर्डचे एंजिन आढळले तर ती खोटी ठरत नाही. उलट ती खरोखर सैन्यात राबली याची ती खूण असू शकते.

तेव्हा लष्करी गाडीचे मूळपण क्रमांकात कमी आणि जातीत अधिक असते. त्याच जातीचे दुसरे एंजिन बसविणे ही दुरुस्ती होय. निराळ्या जातीचे बसविणे हे रूपांतर होय. दुरुस्तीने गाडी तीच राहते; रूपांतराने ती दुसरी होते. हा भेद एकदा ध्यानात आला की निम्मा वाद मिटतो.

आणि मूळ जातीचे एंजिन जपावे ते का? कारण ते एक कागदपत्र आहे. युद्धकाळात कोणते पेट्रोल मिळत होते, अर्धशिक्षित तरुण सैनिकाला कोणत्या हत्यारांनी काय दुरुस्त करता यावे, कोणत्या धातूची टंचाई होती, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या लोखंडी ठोकळ्यात लिहिलेली असतात. त्याचा आवाज, सुरू होण्यापूर्वीची त्याची कुरकुर, चढावर गिअर बदलण्याची त्याची घाई हाही इतिहासच आहे आणि तो छायाचित्रात उतरत नाही. बाहेरून हुबेहूब दिसणारी पण आतून आजची असलेली गाडी मुलांना दाखविताना आपण त्यांना युद्धाचा पोशाख दाखवितो. त्या पोशाखातील सैनिक मात्र दाखवीत नाही.

आपल्या देशातील गाड्या

आपल्या देशात हा प्रश्न प्रामुख्याने जीप आणि ‘जोंगा’ यांच्या संबंधात उभा राहतो. मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीप जुळविण्यास स्वातंत्र्याच्या सुमारास आरंभ केला. तिच्या भगिनी आणि युद्धातून उरलेल्या जीप यांत पुढे शेकडो ठिकाणी डिझेल एंजिने बसली. जोंगा हे नाव तर जबलपूरच्या आयुध व तोफगाडी कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. जपानच्या निसान कंपनीच्या ‘पेट्रोल’ नावाच्या गाडीवरून ती घेतलेली होती आणि १९६९ ते १९९९ या काळात ती जबलपूर येथे तयार होत असे. तिचे सहा सिलिंडरचे पेट्रोल एंजिन ३९५६ घन सेंटिमीटरचे. याच जातीचे एंजिन सैन्याच्या निसान एक टनी ट्रकातही होते. एकाचे भाग दुसऱ्याला उपयोगी पडतात ही मूळ एंजिन जपू इच्छिणाऱ्यांच्या दृष्टीने मोठीच सोय होय. दुसऱ्या बाजूस, १९९६ मध्ये नागरिकांसाठी काढलेल्या जोंगाला खुद्द कारखान्यानेच डिझेल एंजिन दिले होते. म्हणजे जोंगामध्ये डिझेल हे सर्वस्वी परके असे म्हणता येत नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. इंधन बदलण्याचे मान्यताप्राप्त संच बसविणे यासारखे अपवाद आहेत, परंतु तेही अटींवर. यास्तव एंजिन उतरविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, मागाहून नव्हे. नोंदणीपुस्तकात एक क्रमांक आणि गाडीत दुसरा, अशी स्थिती असल्यास अपघातानंतर विम्याच्या वेळी मालकाची मोठी पंचाईत होते.

१५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम झाले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी झालेली दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी त्याखाली नोंदविता येते. मात्र तिची चौकट, सांगाडा किंवा एंजिन यांत मूळ बनावटीहून भिन्न असा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज वाहनांचे मेळावे, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला नाही. माल वाहणाऱ्या ट्रकाला ही सोय लागू नाही. परंतु ज्याच्याकडे जुनी जीप आहे त्याने हे जाणून घ्यावे की आज बसविलेले परके एंजिन उद्या विंटेज नोंदणीचे दार बंद करू शकते.

मधला मार्ग

जगातील जुन्या वाहनांच्या संघटनांचा ‘फिवा’ हा महासंघ आहे. त्याने इटलीतील तुरिन शहराच्या नावाने एक सनद स्वीकारली. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे झालेल्या सनदेचा तो वारसा होय. तिचा आशय साधा आहे : शक्यतो जपावे, आवश्यक तेवढेच दुरुस्त करावे, केलेला बदल ओळखता यावा आणि त्याची नोंद असावी. विशेष म्हणजे गाडीच्या राबत्या आयुष्यात झालेले बदलही तिच्या इतिहासाचा भाग मानावेत, असे ती सांगते. त्यानुसार, एखाद्या लाकूड वखारीत जुन्या लष्करी ट्रकाने पन्नास वर्षे डिझेल एंजिनावर ओंडके वाहिले असतील तर ते एंजिनही आता त्याच्या चरित्राचे एक पान आहे. ते घाईने फाडू नये.

हे सर्व ध्यानात घेता आपल्या घरी अशी गाडी असल्यास पुढील क्रमाने जावे. प्रथम गाडीचे काम ठरवा. ती पोटासाठी राबणार असेल तर बदल समर्थनीय आहे. ती आठवणीसाठी, प्रदर्शनासाठी, सणासुदीच्या फेरफटक्यासाठी असेल तर लिटरला तीन किलोमीटर हा आकडा भयंकर नाही. वर्षाकाठी अशी गाडी धावते तरी किती?

नंतर जुने एंजिन मेलेले आहे की नुसते जखडलेले आहे ते पाहा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे पिस्टन गंजाने चिकटतात. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडून काही दिवस वाट पाहावी. पहार लावून फिरविण्याची घाई करू नये. सिलिंडर पुन्हा कातून घेणे, स्लीव्ह घालणे, क्रँक घासून नवी बेअरिंगे बसविणे, व्हॉल्व्हच्या बैठका नव्या करणे ही कामे आपल्याकडील चांगल्या लेथवर आजही होतात. इंधनपंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या की आजच्या पेट्रोलची भीतीही बरीच कमी होते.

इतके करूनही बदल अटळ ठरला, तर तो परत फिरविता येईल असा करा. चौकट कापू नका, नवी भोके पाडू नका. मध्ये जोडपट्टी घालून जुन्याच भोकांवर नवे आधार बसवा. ब्रेकचा निर्वात पंप विसरू नका. काम चालू असताना छायाचित्रे घ्या आणि कोणता भाग कधी, का बदलला ते एका वहीत लिहून ठेवा.

आणि उतरविलेले जुने एंजिन भंगारवाल्याला देऊ नका. ही एक सूचना बाकीच्या सर्वांहून मोलाची आहे. भंगारात त्याला लोखंडाचा भाव मिळेल, तो पैसा महिन्याभरात खर्च होईल. परंतु तो ठोकळा एकदा भट्टीत गेला की पुन्हा कोणीही ओतणार नाही. त्याला तेल लावा, तोंडे बंद करा, कोरड्या जागी लाकडी फळीवर ठेवा आणि त्यावर गाडीचा क्रमांक लिहा. घरातील पुढच्या पिढीत कोणाला तरी ते पुन्हा बसवावेसे वाटेल. तो निर्णय घेण्याची संधी त्यांच्यासाठी राखून ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.